लंगोट, कव्हर आणि कोकणातला पाऊस

आमच्याकडे बाळ जन्माला येईपर्यंत त्याच्यासाठी नवीन काही विकत घ्यायचं नाही, अशी पद्धत आहे. पाळणा नाही, झबलं नाही, साधं टोपडंसुद्धा नाही. सासूबाई एरवी कशात अडून बसत नाहीत, पण या बाबतीत त्या ठाम होत्या आणि डोहाळजेवणाच्या तोंडावर वाद घालायची मलाही हौस नव्हती. अडचण अशी की बाळाला कापडी डायपर वापरायचे हे माझं ठरलं होतं आणि कापडी डायपर आणले की लगेच घालता येत नाहीत. कोऱ्या सुती कापडात कापसाचं स्वतःचं तेल असतं. पहिल्या काही धुण्यांपर्यंत त्यावर पाणी टाकलं तर ते आत न मुरता थेंब थेंब होऊन घरंगळतं. बांबूचं कापडही चार-पाच वेळा धुतल्यावर कुठे नीट शोषायला लागतं. म्हणजे आधी बाळ, मग खरेदी, मग धुणी आणि शेवटी वापर. बाळ तोवर कळ काढणार होतं थोडंच!

तोडगा सासूबाईंनीच सुचवला. बंदी नव्याला आहे, जुन्याला नाही. उलट बाळाच्या अंगावर पहिल्यांदा चढवायचे कपडे दुसऱ्या गुटगुटीत मुलाच्या अंगावरून उतरलेलेच असावेत, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मावसबहिणीचा मुलगा नुकताच लंगोटातून सुटला होता. तिने एक भलीमोठी पिशवी भरून पाठवली आणि वर चिठ्ठी: "सगळं धुतलेलं आहे. काही चांगलं आहे, काही नुसतंच सुंदर आहे. तुझं तू ठरव."

कापडीच का, याचं एक कारण पैशाचं होतं. बाजारातला वापरून टाकायचा डायपर दहा रुपयांना धरला आणि तान्ह्या बाळाला दिवसाला आठ लागतात असं धरलं, तरी महिन्याला २,४०० रुपये होतात. दुसरं कारण आमच्या जिन्यात रोज सकाळी दिसायचं. आम्ही पुण्यात बालेवाडीच्या बाजूला राहतो. कचरा न्यायला 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई येतात. घनकचरा नियमांप्रमाणे वापरलेले डायपर सॅनिटरी कचऱ्यात मोडतात. ते वेगळे, नीट गुंडाळून द्यायचे असतात. पुण्यात त्यासाठी साधी खूण रुजवलीय: कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे पुडी न उघडता कळेल. आमच्या मजल्यावर ठिपका काढणारी घरं दोनच. बाकीच्यांचे डायपर सुक्या कचऱ्यात पुठ्ठ्यांबरोबर यायचे आणि ताई ते हाताने निवडून बाजूला काढायच्या. त्यांच्यासमोर बादली ठेवताना मला दर वेळी ओशाळल्यासारखं व्हायचं, आणि तेव्हा तर आमच्या घरात बाळही नव्हतं.

नवरा इंजिनिअर आहे. त्याला भावना चालतात, पण त्यांच्यासोबत आकडे लागतात. "धुण्याचं पाणी आणि वीज धरलीस का?" हा त्याचा पहिला प्रश्न. मग त्यानेच ब्रिटनच्या पर्यावरण खात्याचा २००८ चा अहवाल शोधून काढला. त्यात एका मुलाच्या पहिल्या अडीच वर्षांचा हिशेब आहे. टाकाऊ डायपरचा कार्बनचा बोजा साधारण ५५० किलो आणि कापडी डायपरचा साधारण ५७०. "बघ!" म्हणून त्याने फोन माझ्यापुढे धरला. मी पुढचं पान वाचलं. मशिन पूर्ण भरून लावलं, कपडे ड्रायरऐवजी बाहेर दोरीवर वाळवले आणि तेच डायपर दुसऱ्या मुलालाही वापरले, तर कापडीचा बोजा चाळीस टक्क्यांनी खाली येतो. ड्रायर वापरला तर उलटा वाढतो. आमच्याकडे ड्रायर नाही आणि दुसरं मूल म्हणून आम्हीच नंबर लावला होता. उरली ती दोरी. आमची गॅलरी पूर्वेला, रुंदीला जेमतेम, आणि त्यात एसीचं धूड. नवरा म्हणाला, "एवढ्यात काय काय वाळणार ते आधी बघू."

तो तेवढ्यापुरतं बोलून गेला, पण पुढची सगळी निवड याच प्रश्नाभोवती फिरली.

मावसबहिणीची पिशवी मी पलंगावर रिकामी केली. सगळ्यात खाली साधे तिकोनी लंगोट: होजिअरीचे, बाजूला नाड्या, कुठल्याही लहान मुलांच्या दुकानात डझनावर मिळतात ते. ते एक शू धरतात. खरं तर धरतही नाहीत, शू झाल्याची बातमी देतात. मग आयते घडी घालून शिवलेले चौकोन, मध्ये जाड आणि कडेला पातळ. मग पॉकेटवाले: बाहेरून पाणी न जाणारं कापड, आतून मऊ कोरडं अस्तर, आणि मधल्या खिशात सरकवायचा पॅड. मग सगळं एकत्र शिवलेले, ज्यात काही सरकवायचं नाही, काढायचं नाही, घातलं की झालं. आणि शेवटी नुसती कव्हरं, ज्यांच्या आत आपण हवं ते कापड ठेवायचं. कव्हर आणि पॉकेट दोन्हींचं बाहेरचं कापड एकच, पॉलिएस्टरवर पॉलियुरेथेनचा पातळ थर चढवलेलं. रबरासारखं घामट नसतं, पण त्यातून पाणी झिरपत नाही. पुढच्या बाजूला टिचबटणांच्या रांगा. बाळ वाढेल तशी वरची बटणं सोडत जायची म्हणजे तोच डायपर मोठा होतो. सुपरबॉटम्स, बमबेरी, बमपदम अशी आपल्याकडची नावं आता बऱ्याच जणींना पाठ आहेत. त्यांच्या जाहिरातींत हत्ती, आंबे, रिक्षा असे इतके गोड छाप असतात की मावसबहिणीच्या चिठ्ठीतलं 'नुसतंच सुंदर' म्हणजे काय ते लगेच कळलं.

आतल्या पॅडच्या कापडांत खरा फरक असतो. मायक्रोफायबर म्हणजे गाडी पुसायच्या फडक्याचं भावंड. पाणी झटकन ओढतं, झटकन वाळतं, स्वस्त असतं. मात्र ते थेट अंगाला लागू द्यायचं नाही, कातडीतला ओलावाही ओढून घेतं. सुती टॉवेल मधला. बांबू जास्त धरतो, पण सावकाश शोषतो आणि त्याहून सावकाश वाळतो. हेम्प म्हणजे भांगेच्या झाडाचं सूत, हे सगळ्यात चिवट. भरपूर पितं आणि भरपूर वेळ ओलं राहतं.

सासूबाईंच्या ओट्यावर मी औषधाच्या मापाने एकेका पॅडवर पाणी ओतलं. त्या भाजी निवडता निवडता बघत होत्या. मायक्रोफायबरने पाणी डोळ्यांदेखत गिळलं. सासूबाई खूश. मग मी त्यावर तळहात दाबला, बाळ मांडीवर बसल्यावर पडेल तेवढाच भार, आणि त्यातलं बरंचसं पाणी कडेने बाहेर आलं. बांबूने सुरुवातीला पाणी वरच रेंगाळू दिलं, पण मुरल्यावर दाबलं तरी सोडलं नाही. म्हणून जाणती माणसं दोन्ही एकावर एक ठेवतात: वर पटकन ओढणारं, खाली धरून ठेवणारं. सासूबाईंचा निकाल तिथल्या तिथे लागला. "म्हणजे आम्ही दुपट्याच्या घडीवर घडी घालायचो तेच की."

नंतर सगळं धुऊन एकाच वेळी गॅलरीत लावलं. पुण्याचा वैशाख होता, त्यात ओलं काही टिकत नाही. तरीही एकत्र शिवलेल्या डायपरांचा मधला भाग संध्याकाळी हाताला गार लागत होता, तेव्हा बाकीचं कधीच घडी होऊन कपाटात गेलं होतं. एकत्र शिवलेले त्याच दिवशी यादीतून गेले. दिसायला सगळ्यात सोयीचे तेच होते.

बाळंतपण माहेरी, कुडाळला. तारीख जुलैमधली. सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा नेमका जून-जुलैत. मी पिशवी घेऊन निघाले तेव्हा मनाशी हिशेब पक्का होता: पॉकेट डायपर, बांबूचे पॅड, थोडे लंगोट वरखर्चाला.

दवाखान्यातले पहिले दोन दिवस आम्ही बाजारातलेच डायपर वापरले. पहिली शी काळी, चिकट, डांबरासारखी असते. ती कापडातून काढण्यात बाळंतिणीच्या आईचा वेळ घालवावा असं मला वाटत नव्हतं. घरी आल्यावर मात्र नाडीचे लंगोट सुरू केले आणि त्यांचा एक गुण ध्यानात आला. डॉक्टर तपासणीला विचारतात, शू किती वेळा होते? पाच-सहा दिवसांनंतर चोवीस तासांत निदान सहा वेळा व्हायला हवी, म्हणजे दूध पुरतंय असं समजायचं. टाकाऊ डायपरमध्ये जेल असतं, ते शू गिळून बसतं आणि दोनदा झाली की चारदा, ते कळत नाही. लंगोटात एकेक मोजता येते. आईने भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेन्सिलीने रेघा मारायला सुरुवात केली. सिलिंडर लावल्याच्या नोंदीखाली माझ्या लेकीच्या शूच्या रेघा.

फ्रीसाइज डायपर ५ किलोपासून पुढे, असं त्यावर लिहिलेलं असतं. लेक तीन किलोची सुद्धा नव्हती. पहिल्या प्रयत्नात तिच्या मांड्यांभोवती एवढी फट राहिली की त्यातून माझी दोन बोटं जात होती. त्यामुळे पहिला महिना-दीड महिना मोठ्या पॉकेट डायपरचा काहीच उपयोग नाही, हे कुणाला बाळंतविड्यात डायपर द्यायचे असतील त्यांनी ध्यानात ठेवावं. मावसबहिणीने तान्ह्या मापाची दोन-तीन कव्हरं टाकली होती तीच कामी आली. त्यांना पुढच्या बाजूला खाच असते, म्हणजे बेंबीची नाळ पडेपर्यंत तिथे काही घासत नाही.

आजीने पहिल्यांदा कव्हर बघितलं तेव्हा म्हणाली, "ह्या काय गो? चेडवाक रेनकोट घातलंस?" मालीश करायला येणाऱ्या मावशींचंही तेच मत. त्यांच्या मते मुलीला दुपट्यात पाय सरळ करून घट्ट बांधलं की पाय वाकडे होत नाहीत आणि लंगोटाची भानगडच नको. पाय सरळ बांधू नका, खुब्याच्या सांध्यासाठी ते गुडघ्यात दुमडलेले आणि मोकळे असू द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कापडी डायपरने मांड्यांमध्ये थोडी जाडी येते त्याने काही बिघडत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मावशींनी ते ऐकून घेतलं आणि पुढचे चार दिवस माझ्याशी फक्त हवामानावर बोलल्या.

हवामानावर बोलण्यासारखं होतंच. आषाढाची झड लागली की आमच्या घरात भिंतीसुद्धा ओल्या होतात. पडवीत दोऱ्या, माजघरात वलाणी, पंख्याखाली खुर्च्यांच्या पाठी, सगळीकडे काही ना काही लटकलेलं. बांबूचे पॅड सकाळी धुतले की दुसऱ्या दिवशी दुपारी दमट, तिसऱ्या दिवशी कुबट. कुबट वास म्हणजे त्यात बुरशीची सुरुवात आणि ते अंगाला लागलं की बाळाच्या जांघेत लाल पुरळ. तान्ह्या बाळाला बदलायला दिवसाला दहा-बारा वेळा लागतं आणि आमचे निम्मे पॅड कायम दोरीवर. पुण्यात ओट्यावर पहिला आलेला बांबू इथे शेवटून पहिला होता.

मागीलदारी शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून त्यावर बाळाचे कपडे शेकायची जुनी सोय आजीकडे होती. पण डॉक्टरांनी बाळाला कसलाही धूर नको, शेकशेगडीचा नको, ओव्याच्या धुरीचा नको, असं स्पष्ट सांगितलं होतं. त्यामुळे शेगडी बाळाच्या खोलीपासून लांब, गोठ्याच्या अंगाला गेली. तिच्यावर मऊ पातळ कपडे सुकायचे, जाड पॅडांना मात्र धुराचाच वास लागायचा.

आजी दोन दिवस बघत राहिली. मग ट्रंकेतून आजोबांची धोतरं काढली. वर्षानुवर्षं धुऊन धुऊन ती इतकी मऊ झाली होती की हातात धरली तर कळूही नयेत. तिने त्यांचे मोठाले चौकोन फाडले, कडा आईने मशिनवर दुमडल्या. "जाडो कपडो सुकाक दोन दिस लागतत," ती म्हणाली, "पातळ कपडो एका वाऱ्यात सुकता."

बाळुती आपल्याकडे सगळ्यांनीच वापरलेली असतात, त्यात नवीन काही नव्हतं. पण ती कव्हरात घालून बघितल्यावर सगळा तिढा सुटला. दीड हाताचा, साधारण ७० सेंटिमीटरचा चौकोन घ्यायचा. अर्धा करायचा, पुन्हा अर्धा. झाले चार पदर. त्या छोट्या चौकोनाची तीन पदरी घडी घातली की बारा पदरांची लांबट पट्टी होते, थेट पॉकेट डायपरच्या पॅडएवढी. लांबी जास्त वाटली तर एक टोक परत दुमडायचं. मुलगी असेल तर ती दुमड मध्ये यावी, मुलगा असेल तर पुढे, कारण भिजतं तिथेच. पट्टी कव्हरात ठेवली, टिचबटणं लावली की काम झालं. वापरताना बारा पदर, वाळताना एकच. ज्या पावसात बांबूचा पॅड तीन दिवस रडत होता त्याच पावसात धोतराचा चौकोन पंख्याखाली दोन-तीन तासांत खडखडीत व्हायचा, आणि थोडा दमट राहिलाच तर इस्त्री फिरवली की संपलं. शिवलेल्या पॅडला इस्त्री करून आतली ओल जात नाही. कव्हराला तर इस्त्री लावायचीच नाही, त्याचा थर वितळतो.

कव्हर दर वेळी धुवावं लागत नाही. नुसती शू असेल तर आतून पुसून वाऱ्यावर टाकायचं आणि दुसरं घालायचं. तान्ह्या मापाची तीन कव्हरं आळीपाळीने आम्हाला पुरली. एकच पथ्य: कापडाचं टोक मांडीच्या इलास्टिकबाहेर डोकावता कामा नये. सुतभर जरी बाहेर राहिलं तरी तिथून ओल खेचली जाते आणि झबलं, दुपटं, माझी मांडी, सगळं भिजतं.

रात्री दूध पाजताना एका हाताने फोन चाळायची सवय लागली होती, त्यात या कव्हरांची कुळकथा सापडली. अमेरिकेत १९४० च्या दशकात मेरियन डोनोव्हन या बाई मुलाचे लंगोट आणि अंथरुणं बदलून कावल्या होत्या. त्यांनी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा कापून लंगोटावरून घालायचं कव्हर शिवलं. पुढे पॅराशूटचं नायलॉन वापरलं, सेफ्टीपिनांच्या जागी टिचबटणं लावली आणि १९५१ मध्ये पेटंट मिळवलं. सकाळी हे आजीला सांगितलं. तिने विचारलं, "तिच्याकडे मेणकापड नाय होता?"

गणपतीनंतर पुण्याला परतलो. इथे ऊन होतं, वारा होता, आणि धोतराचे चौकोन गॅलरीतल्या एका दोरीवर डझनभर मावत होते. मी निश्चिंत होते. महिनाभरात रात्रीच्या पॅडना सकाळी एक झणझणीत वास यायला लागला, डोळ्यांत पाणी आणणारा. धुतल्यावर नसायचा, भिजल्यावर यायचा.

कारण पाण्यात होतं. आमच्या सोसायटीला महापालिकेचं पाणी सकाळी थोडा वेळ येतं, बाकी दिवस टँकरवर. टँकरचं पाणी बोअरचं, जड. खात्री करायला दोन बाटल्यांत दोन पाणी घेतली, दोन्हीत साध्या अंगाच्या साबणाचा कीस टाकून हलवलं. नळाच्या बाटलीत फेस आला. टँकरच्या बाटलीत पांढरट साका. कपड्यातही हेच होतं. पाण्यातले क्षार साबणाला धरतात, मळ नीट निघत नाही, त्याचे थर सुतात बसत जातात, त्यात जंतू टिकून राहतात आणि ताज्या लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात. जाड पॅडमध्ये हे जास्त होतं, एकेरी कापडात फार कमी.

शेजारच्या एकीने सुचवलं, पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरमधून जे पाणी बाहेर टाकलं जातं ते वापर, फुकट जातं. त्या पाण्यात तर मूळ पाण्यातले क्षार आणखी दाट होऊन आलेले असतात. तिला म्हटलं, फरशी पूस त्याने. आम्ही मशिनची वेळ बदलली. नळाला पाणी असतं त्या तासाभरात मशिन लागलं पाहिजे, हा आता घरचा कायदा आहे. आधी थंड पाण्यात एक नुसतं खळबळून काढणं, मग पावडर घालून ६० अंशांवर मुख्य धुणं, मग एक जादा खळबळ. पावडर कमी घाला असा सल्ला सगळीकडे मिळतो. जड पाण्यात कमी पावडरीने कपडे धुतलेच जात नाहीत, तिथे ती पुरेशी लागते आणि नंतर भरपूर पाण्याने काढावी लागते. कपडे मऊ करायचं ते सुगंधी द्रव मात्र पूर्ण बंद, ते धाग्यांवर मेणचट थर चढवतं. कव्हरं या गरम धुण्यात घालत नाही, ती कोमट पाण्यात हाताने, आणि वाळवायची सावलीत.

तेलाचंही तसंच. आमच्याकडे मालीश खोबरेल तेलाने होते आणि नंतर आंघोळ असली तरी अंग थोडं तेलकट राहतंच. पॉकेट डायपरचं आतलं मऊ अस्तर पॉलिएस्टरचं असतं. त्याला तेल किंवा पुरळावरचं झिंकचं मलम लागलं की शू आत जायच्या ऐवजी वरून वाहून जाते. गळतोय म्हणून डायपर बदलायच्या आधी अस्तरावर पाण्याचा थेंब टाकून बघावा. तो गोळी होऊन बसला तर दोष डायपरचा नाही, तेलाचा. अशा अस्तराला भांड्यांचा साबण लावून गरम पाण्याने चोळलं की ते पुन्हा प्यायला लागतं. आम्ही मग मलम लावलं की मध्ये मलमलचा एक तुकडा ठेवायला लागलो.

भिजत घालण्यावरून सासूबाईंचं आणि माझं जरा वाजलं. त्यांच्या काळी लंगोट बादलीत भिजत असायचे. आता त्या बादलीत इलास्टिक असतं, टिचबटणं असतात, तो पातळ थर असतो, आणि हे सगळं तासन्तास पाण्यात राहिलं की लवकर सैल पडतं. शिवाय रांगत्या मुलाच्या घरात पाण्याने भरलेली बादली नकोच. त्यापेक्षा शी तेवढी लगेच धुऊन टाकायची आणि बाकी कोरड्या, जाळीच्या टोपलीत, हवा लागेल असं. झाकण लावलेल्या डब्यात वास जास्त कोंडतो. आठवडाभर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालल्या. मग एक दिवस त्यांची बादली झाडांकडे गेली.

रात्रीसाठी मात्र बाळुती पुरली नाहीत. लेक मोठी झाली तशी सलग झोपायला लागली आणि पाच-सहा तासांची शू धरायला दमदार काहीतरी हवंच. तिथे बांबू परत आला, पॉकेटमध्ये, वर मायक्रोफायबर आणि खाली बांबू. असे तीन संच. रोज एकच वापरायचा, त्यामुळे वाळायला दोन दिवस मिळतात. पुढच्या पावसात त्यालाही कमी पडले तर रात्रीपुरता बाजारातला डायपर घालेन. प्रवासातही तोच घालते, कागदात गुंडाळते आणि लाल ठिपका काढते. कापडी म्हणजे चोवीस तास कापडीच, असा हट्ट धरणाऱ्या मैत्रिणी मला माहीत आहेत. त्यांच्याकडे एक तर धुणी धुणारी बाई आहे, नाही तर गच्ची.

रजा सव्वीस आठवड्यांची. ती संपत आल्यावर पाळणाघराचा प्रश्न आला. दोन ठिकाणी कापडीचं नाव काढताच नकार मिळाला. तिसऱ्या मावशी म्हणाल्या, "आणा, पण मला घड्या घालायला लावू नका. आठ पोरं असतात माझ्याकडे." रास्त होतं. त्यांच्यासाठी मी रात्री पॉकेटमध्ये पॅड भरून, बंद करून, रांगेने पिशवीत ठेवते. त्यांना ते आयत्या डायपरसारखे घालता येतात. वेलक्रोचे नेले होते, ते पटकन लागतात. पण लेकीला वेलक्रो उघडायचा आवाज फारच आवडला आणि तिने भर दुपारी सगळ्यांसमोर कपडे उतरवायला सुरुवात केली. म्हणून आता टिचबटणंच. ओल्यांसाठी चेनची वेगळी पिशवी, ती संध्याकाळी तशीच उलटी करून मशिनमध्ये.

कुणी फक्त काय घेऊ एवढंच विचारलं तर मी आधी उलटं विचारते: राहता कुठे, पावसाळा की उन्हाळा, दोरी किती लांब, पाणी कसलं, धुणार कोण? एका गॅलरीचं घर असेल तर वीस-पंचवीस मऊ एकेरी चौकोन, सहा-सात कव्हरं, रात्रीसाठी तीन पॉकेट. चौकोनांना पैसे लागत नाहीत, घरात जुनं सुती काहीतरी असतंच. मावसबहिणीकडचं सोडून आम्ही नवीन घेतली ती फक्त मोठ्या मापाची कव्हरं आणि ते तीन संच.

आणि घरात कुणी आजी असेल तर तिचं आणखी एक ऐकावं. दिवाळीत आजी पुण्याला आली होती. सकाळी लेक उठली, दूध प्यायली की आजी जमिनीवर बसायची, पाय पसरून दोन पावलांमध्ये जागा करायची, तिथे जुना कागद, आणि लेकीला पावलांवर बसवून "श्श्श" करत राहायची. चार-पाच मिनिटांत काम व्हायचं. रोज नाही, पण बहुतेक रोज. मला ते जमत नाही, माझे पाय लगेच बधिर होतात. नवऱ्याला जमतं. तो एका हातात फोन धरून, ऑफिसच्या सकाळच्या मीटिंगला कान लावून, आवाज बंद ठेवून, पायावर लेक घेऊन बसतो. शीचे लंगोट निम्म्यावर आले. मध्ये एकदा त्याचा आवाज चुकून चालू राहिला होता आणि पलीकडून कुणीतरी विचारलं, "हा कसला आवाज, गॅस लीक होतोय का?"